घरच्या हातांचा हिशेब

जमीन, निर्णय आणि बहुतेक कष्ट ज्या शेतीत एकाच घरातून येतात, ती कौटुंबिक शेती. महाराष्ट्रातली बहुतेक शेती अशीच आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत राज्यातील एका खात्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. देशाची सरासरी तर १.०८ हेक्टर आहे आणि दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन असलेले खातेदार ८६ टक्के आहेत. आजोबांच्या दहा एकरांचे नातवांच्या वाट्याला अडीच-तीन एकर होतात, त्यातही विहीर सामाईक आणि रस्ता भावकीच्या बांधावरून. लहान शेतीच्या धंद्याचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

एवढ्या जमिनीवर घर चालते का, याचे उत्तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत मिळते. २०१८-१९ या वर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांचे ३,७९८ रुपये, जनावरांचे १,५८२ रुपये आणि मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये होते. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला पिकापेक्षा मजुरीतून जास्त मिळते, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सव्वातीन एकरांची पेरणी, निंदणी, काढणी मिळून घरातल्या दोन-तीन माणसांना वर्षभराचे काम पुरत नाही. उरलेले दिवस एक तर रोजंदारीवर जातात किंवा वाया जातात. म्हणून ज्या लहान शेतीने घराला पुरेसे दिले, तिथे बहुधा एकरी उताऱ्याचा विक्रम आढळत नाही. घरातल्या हातांना बारा महिने शेतातच काम आणि त्या कामाचा दाम, एवढे तिथे साधलेले असते.

हा दाम हिशेबात मात्र क्वचित येतो. हमीभावाची शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च तीन प्रकारे मोजतो. पहिल्यात बी, खत, औषध, बाहेरची मजुरी यांसारखा खिशातून गेलेला खर्च येतो. दुसऱ्यात त्यावर घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल चढते. तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याजही धरतात. घरोघरी हिशेब होतो तो फक्त पहिल्या प्रकाराचा, तोही तोंडी.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे माल पाठवणाऱ्या एखाद्या घराचे उदाहरण घेता येईल. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. २० गुंठ्यांत टोमॅटो आहे. हंगामात २० किलोचे ८०० क्रेट निघाले आणि सरासरी १५० रुपये क्रेट मिळाला. विक्रीच्या पट्ट्यांची बेरीज १,२०,००० रुपये. रोपे, मल्चिंग, ठिबकच्या नळ्या, बांबू, तार, सुतळी, खते, फवारण्या, तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि हमाली मिळून ८५,००० रुपये गेले. हाती ३५,००० राहिले, त्यामुळे घर म्हणते पीक साधले. पण नवरा-बायको दोघे मिळून १२० दिवस त्या वीस गुंठ्यांत राबले आहेत. रोज ३५० रुपये धरला तरी त्यांची मजुरी ४२,००० होते. म्हणजे त्या दोघांनी शेजारच्या शेतावर मजुरी केली असती तर ७,००० रुपये जास्त मिळाले असते, शिवाय भाव पडण्याची धास्ती नसती. हेच क्रेट २०० रुपयांनी गेले तर मजुरी निघून ३३,००० रुपये खरा नफा उरतो. क्रेटमागे ५० रुपयांत सगळे चित्र बदलते, आणि १५० ते २०० हा फरक टोमॅटोच्या बाजारात आठवड्याभरातही पडतो. अशा पिकावर सगळी जमीन लावायची की चौथा हिस्सा, हा निर्णय या हिशेबाशिवाय घेता येत नाही. त्यासाठी एक वही पुरते. तिच्यात प्रत्येक पिकाचे पान वेगळे, आलेली पट्टी त्याच दिवशी लिहिलेली, आणि घरातले कोण किती दिवस राबले याचा रकाना असावा. घरखर्च मात्र त्या वहीत येऊ देऊ नये. दुकानदार गल्ल्यातले पैसे घरखर्चात मिसळू देत नाही, तेच पथ्य इथे लागू आहे.

जमिनीनंतर प्रश्न पाण्याचा. राज्यातील बहुतांश पिकाखालचे क्षेत्र आजही पावसावर आहे. पाण्याचाही हिशेब आकड्यांत मांडता येतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे उताराच्या कडा धरून सुमारे २२ लाख लिटर पाणी धरते. एका एकरावर ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन आणि पाझर जाता या तळ्यातून तीन एकर सोयाबीन-तुरीला ऐन फुलोऱ्यात दोन संरक्षित पाळ्या आरामात मिळतात, किंवा एखाद्या एकरातली फळबाग उन्हाळा काढते. दोन्ही एकदम होत नाही. तळ्यात बोअरचे पाणी उपसून भरणे हा मात्र वेगळाच प्रकार आहे. त्यात साठा वाढत नाही, जमिनीतले पाणी वर आणून उन्हात ठेवले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके टाळली आणि शेतीसाठी बोअर घेणे थांबवले. सगळ्या गावाने तसे ठरवण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एका घरालाही ऑक्टोबरात विहिरीची पातळी मोजून रब्बीचे क्षेत्र ठरवता येते.

पीक आणि जोडधंदा निवडताना सहसा भाव पाहिला जातो. आधी हात मोजावेत, मग भाव पाहावा. घरात कामाची माणसे किती, कोणाला किती तास मोकळे आहेत, कोणाला ओझे उचलवत नाही, कोण शाळेत जाते, याच्यावर धंदा बसतो. ऊस पाणी भरपूर पितो, आडसाली लागण १६ ते १८ महिने रान अडवते, पण माणसे कमी मागते. त्यामुळे घरातले कमावते बाहेर नोकरीला असतील आणि पाणी हमखास असेल तिथे तो बसतो. ज्या घरात तीन माणसे शेतावरच आहेत आणि जमीन दोन एकर आहे, तिथे ऊस लावणे म्हणजे त्या माणसांना बेकार करणे आहे.

याच्या उलट टोकाला रेशीम शेती आहे. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि जालना जिल्ह्यांत, ती ज्या घरांनी नीट धरली त्यांचा अनुभव लहान शेतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एक एकर तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षे पाला देते. शेडमध्ये चॉकी सेंटरवरून आणलेल्या लहान अळ्या सोडल्या की तीन आठवड्यांच्या आत कोष तयार होतात. शंभर अंडीपुंजांच्या बॅचला ६० ते ७० किलो कोष निघाले तर बॅच चांगली समजतात, आणि पाणी असेल तर वर्षाला पाच-सहा बॅचेस होतात. कष्टाची वाटणी मात्र सारखी नसते. पहिल्या दिवसांत काम हलके असते. शेवटच्या सात-आठ दिवसांत अळी तिच्या एकूण खाण्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला खाते, तेव्हा दिवसातून दोन-तीनदा फांद्या कापून आणून रॅकवर पसराव्या लागतात आणि घरातले सगळे त्याच कामात असतात. शेडमध्ये त्या वेळी पाला कुरतडण्याचा आवाज पावसाच्या सरीसारखा येतो. मग अळी पिवळसर, पारदर्शक दिसू लागते, खाणे सोडते, आणि तिच्यावर चंद्रिका, म्हणजे कोष विणण्यासाठीची जाळी, टाकायची वेळ होते. एक दिवस उशीर झाला तरी कोष वाया जातात. मजुरांवर सोपवून हे जमत नाही, ते घरचेच माणूस ओळखते. शेजाऱ्याने कापसावर मारलेले औषध वाऱ्याने तुतीवर आले तर अख्खी बॅच जाते, म्हणून शेजाऱ्याशी संबंध सांभाळणे हाही या धंद्याचाच भाग आहे. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला आणि ती खेप वाचली.

दुधाचा धंदा जास्त घरांपर्यंत पोहोचलेला आहे. त्याचे मोठे बळ भावात नाही, दर दहा दिवसांनी हातात येणाऱ्या बिलात आहे. किराणा, शाळेची फी, खताची उचल यांचा मेळ त्या बिलावर बसतो. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात होते. दुधाच्या खर्चातला ६० ते ७० टक्के वाटा चाऱ्या-खुराकाचा असतो. म्हणून विकतच्या चाऱ्यावर गोठा चालवणारा नफा चारावाल्याला देतो. बारमाही पाणी असेल तर नेपियरचे १० गुंठे साधारण दोन गायींचा हिरवा चारा भागवतात. मक्याचा मुरघास करून ठेवला की उन्हाळ्यात दूध पडत नाही. मुक्त गोठ्याने शेण काढण्याचे आणि पाणी पाजण्याचे कष्ट निम्म्यावर येतात, आणि हे कष्ट बहुतेक घरांत बाईचे असतात. दोन गायींवरून एकदम दहा गायींवर जाण्याचे कर्ज मात्र अनेक घरांना भोवले आहे, कारण चारा दोन गायींचाच होता. शहराजवळ राहणाऱ्यांना रतिबाचा मार्ग आहे. घरोघर दूध घातले तर संकलन केंद्रापेक्षा लिटरमागे बरेच जास्त मिळतात, पण सुट्टी नाही, आणि पहाटे जाणारे माणूस ठरलेले हवे. उस्मानाबादी शेळी, परसातली कोंबडी, करारावरचे ब्रॉयलर शेड यांचेही घरातल्या हातांशी असेच वेगवेगळे गणित आहे. ब्रॉयलरमध्ये पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे आणि शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची असते. त्यात भावाची जोखीम कमी आहे, पण शेडचे कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर असते.

एका पिकावर सगळे घर टांगण्याचा धोका सोलापूर, सांगोल्याकडच्या डाळिंब बागांनी दाखवून दिला. भगव्या डाळिंबाने कोरडवाहू घरांना पहिल्यांदा पैसा दाखवला, आणि तेल्या रोगाने त्यातल्या कित्येक बागा मुळापासून काढायला लावल्या. फॅशनच्या धंद्यांचे नुकसान त्याहून जिव्हारी लागते. इमूपालनाची लाट आली आणि ओसरली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. दोन्हींत धाटणी तीच होती: पिल्ले आमच्याकडून महाग घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ. माल परत घेणाऱ्याशिवाय दुसरा गिऱ्हाईक गावच्या बाजारात आहे का, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ घरे वाचली असती. नव्या धंद्यात पहिल्या वर्षी जमिनीचा आणि पैशाचा इतकाच हिस्सा घालावा की तो पूर्ण बुडाला तरी घर चालेल.

विक्रीच्या बाजूला गेल्या काही वर्षांत दारे उघडली आहेत. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला. शेतकरी आठवडे बाजार शहरांत भरू लागले. तरी लहान शेतकऱ्याचा बहुतेक माल अजून आडत्याकडेच जातो, आणि त्याचे कारण अडाणीपणा नाही. आडत्या हंगामाआधी उचल देतो. कोकणातला आंबा बागायतदार वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवतो, त्यामागे मोहोर येण्याआधी फवारणीसाठी घेतलेली रक्कम असते. ती उचल जोवर दुसरीकडून भागत नाही, तोवर थेट विक्रीचे सल्ले हवेत राहतात. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज यासाठीच महत्त्वाचे आहे. किसान क्रेडिट कार्डावर वेळेत फेड केली तर केंद्राच्या सवलतीने व्याज ४ टक्क्यांवर येते आणि राज्याची सवलत धरून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. थकीत राहिले की ही सवलत जाते आणि पुन्हा आडत्याचे दार धरावे लागते.

भाव पडलेला असताना माल थांबवता येणे ही लहान शेतकऱ्याची खरी ताकद असते. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. घरात नड आहे म्हणून दिवाळीपूर्वी सोयाबीन विकणाऱ्याने ही योजना एकदा तरी वापरून पाहावी. उन्हाळी कांद्याला चाळ हेच काम करते. मात्र घट, सड आणि मोड यांचा तोटा भाववाढीतून वजा करूनच चाळीचा नफा मोजायचा असतो.

प्रक्रिया हा शब्द सध्या फार सैलपणे वापरला जातो. सांगली-तासगावच्या भागात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तो शीतगृहात ठेवून सौद्यात विकता येतो, आणि त्यामागे रॅक, डिपिंग ऑइल, सौदे, व्यापारी अशी पूर्ण साखळी उभी आहे. म्हणून तिथे चार-दोन एकरवाल्यालाही बेदाणा परवडतो. तेच रॅक दुसऱ्या तालुक्यात एकट्याने उभारले तर माल घ्यायला कोणी येत नाही. घरगुती प्रमाणावर डाळ भरडणे, हळद-मिरची कुटून पाकिटे भरणे, लाकडी घाण्याचे तेल, काकवी-गूळ यांत भांडवल कमी लागते आणि अपयश सोसवते. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांच्या कर्जाला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. अन्नसुरक्षा नोंदणी सुरुवातीलाच काढावी. शेतीचे उत्पन्न आयकरातून सुटते, पण मसाल्याचा किंवा लोणच्याचा नफा धंद्याचा नफा धरला जाऊ शकतो, म्हणून त्याची वही वेगळी हवी. ज्या भागाला भौगोलिक मानांकन आहे तिथे नावाचा फायदा घेता येतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, पुरंदरचे अंजीर ही नावे गिऱ्हाईक ओळखतो. शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली नाही तर त्या नावाचा पैसा व्यापारी मिळवतो.

एकट्या घराला ट्रकभर माल होत नाही, आणि मोठा खरेदीदार ट्रकभरापेक्षा कमी मालासाठी बोलत नाही. त्यावरचा इलाज गट आणि उत्पादक कंपनी. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने दहा शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येते. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात करून हजारो लहान बागायतदारांना एका पॅकहाउसखाली आणले. त्यांचे यश सांगताना त्याआधीची वर्षानुवर्षांची उमेदवारी विसरली जाते. अनुदानासाठी घाईने काढलेल्या कंपन्या कागदावर राहतात. आधी दहा-बारा घरांनी मिळून खते एकत्र आणावीत, एकच टेम्पो लावावा, एकाच प्रतीचे क्रेट भरावेत. दोन हंगाम हे भांडणाशिवाय जमले तर नोंदणीचा विचार करावा. यंत्रांनाही हाच नियम लागू होतो. तीन एकरांवर स्वतःचा ट्रॅक्टर हप्त्यापुरतेही काम करत नाही. पॉवर टिलर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र गटात किंवा भाड्याने घेतले की भांडवल गायीसाठी, तळ्यासाठी मोकळे राहते.

या सगळ्यात घर हाच धंद्याचा पाया आहे, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. बापाच्या नावावर सगळे, मुलगा तिशीचा झाला तरी वही पाहिलेली नाही, अशी घरे गावोगाव आहेत. वाटणी झाली तर ती तोंडी. मग भावकीत रस्ता अडतो, विहिरीच्या पाळीवरून कोर्ट होते, आणि कर्ज मागायला गेले की नाव निघत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारापुढे संमतीने वाटप होते, त्यात रस्ता आणि विहिरीचा हिस्सा लिहून घेता येतो. बाप हयात असताना आणि भाऊ बोलते असताना ते करून घ्यावे.

त्याहून मोठी उणीव बाईच्या नावाची. पहाटे धार काढणारी, रोपे लावणारी, तुतीचा पाला आणणारी, बचत गटातून पहिले भांडवल आणणारी तीच असते, आणि सातबारावर ती नसते. त्यामुळे तिच्या नावे पीककर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, आणि नवऱ्याच्या पश्चात वारसनोंद होईपर्यंत तिच्या हाती काहीच नसते. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. पुढे १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ही सोय आजही फार थोड्या घरांनी वापरली आहे. वहीत तिच्या दिवसांचा रकाना उघडला की ती या धंद्याची मजूर नाही, भागीदार आहे, हे आकड्यांतच दिसते. तेव्हा ज्या घराने असा हिशेब मांडला असेल, त्याने येत्या खरिपाआधी तलाठी कार्यालयात जाऊन तिच्या नावाचा अर्ज द्यावा.